जनरल शुआन: नुसतं बाहुलं म्हणून भागतं का?

प्रश्न आलाय तो असा: "फ्रेंच राजवटीत व्हिएतनाममध्ये न्गुयेन वान शुआन नावाचा एक जनरल राजकारणात उतरून सरकारचा प्रमुख झाला होता. त्याला सरसकट फ्रेंचांचं बाहुलं म्हणतात. ते खरं आहे का? आणि फ्रेंचांना हरवणाऱ्या जनरल ज्यापचं नाव जगभर झालं, मग या जनरलचं नाव कुणाच्या कानावर कसं नाही?"

उत्तर लांबणार आहे, कारण प्रश्नातच एक गोष्ट उलटी मांडली गेलीय. ती सुलट करायच्या आधी नावाचं बघू. मी महाविद्यालयात आधुनिक आशिया शिकवायला लागलो त्या पहिल्याच वर्षी फळ्यावर 'न्गुयेन वान श्वान' असं लिहिलं आणि पुढची पाच मिनिटं वर्ग आवरेना. तेव्हापासून मी 'शुआन' लिहितो. व्हिएतनामीत त्या शब्दाचा अर्थ वसंत ऋतू. आपल्याकडे जन्मला असता तर वसंतराव म्हणवला असता. न्गुयेन हे आडनाव तिकडे आपल्या पाटील-जाधवांपेक्षा कितीतरी जास्त पसरलेलं आहे, म्हणून माणसाला शेवटी येणाऱ्या स्वतःच्या नावानं ओळखतात. जनरल शुआन, जनरल ज्याप, असं.

आता उलटी गोष्ट. हा माणूस आधी जनरल होता आणि मग राजकारणी झाला, असं घडलेलं नाही. 1946 मध्ये त्यानं राजकारणात पाय ठेवला तेव्हा तो फ्रेंच सैन्यात कर्नल होता. जनरलचा हुद्दा मिळाला तो त्यानंतर. लढाई जिंकून माणूस मोठा होतो आणि मग लोक त्याला गादीवर बसवतात, हे चित्र आपल्या डोक्यात पक्कं असतं. इथे खुर्ची आधी ठरली आणि तिला शोभेलसा हुद्दा मागून आला. त्याच्या पुढच्या आयुष्याची किल्ली बरीचशी यात आहे.

व्हिएतनाम आज एकसंध देश दिसतो, पण फ्रेंचांनी त्याचे तीन तुकडे वेगवेगळ्या कायद्याखाली ठेवले होते. उत्तरेला तोंकिन, मध्ये आन्नाम, दक्षिणेला कोचिनचीन. (हे शेवटचं नाव युरोपियनांमध्ये पोर्तुगिजांनी रूढ केलं. आपल्या मलबारातल्या कोचीनशी घोळ होऊ नये म्हणून त्याला 'चीन' जोडलं, असं सांगतात. व्हिएतनामी लोक त्याला नाम की म्हणत.) मराठी वाचकाला हा फरक चटकन कळेल, कारण आपल्याकडे खालसा मुलूख आणि संस्थानी मुलूख हे दोन्ही होते. तोंकिन आणि आन्नाम ही संरक्षित राज्यं: राजधानी ह्युएला बादशहा गादीवर, दरबार, मंदारिन म्हणजे दरबारी अधिकारी, सगळा थाट जागेवर आणि शेजारी फ्रेंच रेसिडेंट. कोचिनचीन मात्र पूर्ण खालसा. 1862 मध्ये तिथले पूर्वेकडचे तीन प्रांत गेले, 1867 मध्ये पश्चिमेकडचे तीन. तिथे फ्रेंच गव्हर्नर, फ्रेंच कायदा आणि फ्रान्सच्या संसदेत एक प्रतिनिधीसुद्धा. मेकाँगच्या खोऱ्यातला तांदूळ सायगावच्या बंदरातून बाहेर जायचा, उत्तरेकडच्या लाल मातीत रबराचे मळे होते. फ्रेंच पैसा सगळ्यात जास्त गुंतला होता तो इथे.

सायगाव हे नाव आपल्या वाचनात येतं ते बहुधा नेताजींमुळे. 17 ऑगस्ट 1945 ला ते तिथूनच शेवटच्या विमानप्रवासाला निघाले. पण आपला त्याहून जुना संबंध पुदुचेरी-कारैकालकडून आहे. तिथले तमिळ लोक फ्रेंच नागरिक म्हणून सायगावात सरकारी नोकऱ्या करायचे आणि निवडणुकीत मतही द्यायचे. ज्या व्हिएतनाम्यांच्या जमिनीवर हे चालायचं, त्यांच्यातल्या बहुसंख्यांना मात्र तो हक्क नव्हता. व्हिएतनामी माणसाला फ्रेंच नागरिक व्हायचं तर अर्ज, शिक्षण, भाषा, चालचलणूक अशा सगळ्या चाळण्यांतून जावं लागे. पार होणारे मूठभर.

शुआन त्या मूठभरांतला. जन्म 3 एप्रिल 1892. कोचिनचीन हातचं जाऊन तेव्हा पंचवीस-तीस वर्षं होऊन गेली होती. त्याच्या पिढीनं बादशहाचं राज्य पाहिलेलंच नव्हतं. तो पॅरिसला गेला आणि एकोल पॉलितेक्निकमध्ये शिकला. ही संस्था 1794 पासूनची, सैन्याच्या अखत्यारीतली. गणिताची प्रवेशपरीक्षा भल्याभल्यांना लोळवणारी. तिथून बाहेर पडणारे तोफखान्यात, बांधकामात, खाणींत आणि सरकारच्या वरच्या पायऱ्यांवर जायचे. तिथे पोहोचलेल्या पहिल्या व्हिएतनाम्यांत त्याची गणना होते. शुआन तोफखान्यात गेला आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढला.

त्या युद्धात इंडोचायनातून 90 हजारांच्या आसपास माणसं फ्रान्सला नेली होती. निम्मी कामगार, निम्मी शिपाई. दारूगोळ्याच्या कारखान्यात राबणारी, खंदक खणणारी, ट्रक चालवणारी. फ्रेंच अधिकाऱ्याचा गणवेश घातलेले व्हिएतनामी त्यांच्यात अगदी बोटावर मोजण्याइतके. दो हुउ वी हा वैमानिक त्यांच्यातला सगळ्यात गाजलेला. विमान कोसळून जबर जखमी झाला, तरी मागे न फिरता पायदळात गेला आणि जुलै 1916 मध्ये फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईत पडला. वीरमरण आल्यामुळे फ्रान्सला त्याचं काय करायचं हा प्रश्नच उरला नाही. शुआन जगला, वाचला, आणि पुढची तीस वर्षं एकेक पायरी चढत कर्नल झाला. फ्रेंच नागरिकत्व असल्यामुळेच ही शिडी त्याला मिळाली. 'देशी' म्हणून भरती झालेल्याला ती मिळत नव्हती. त्याचे मित्र, त्याची भाषा, त्याचं पेन्शन सगळं फ्रेंच. भाताच्या खाचरात राबणाऱ्या शेतकऱ्याशी त्याचा संबंध येण्याचं कारणच नव्हतं.

मग 1945 उजाडलं. त्या एका वर्षात तिथे जे झालं ते नीट सांगायला वेगळं उत्तर लागेल, म्हणून भरभर सांगतो. 9 मार्चला जपान्यांनी एका रात्रीत फ्रेंच राजवट उलथवली आणि फ्रेंच अधिकारी तुरुंगात टाकले. त्याच महिन्यांत उत्तरेत भयंकर दुष्काळ पडला. मेलेल्यांचे अंदाज दहा लाख आणि त्याच्या वरचे आहेत. ऑगस्टमध्ये जपान हरलं, बादशहा बाओ दाईनं गादी सोडली आणि 2 सप्टेंबरला हानोईत कम्युनिस्ट नेता हो चि मिन्हनं स्वातंत्र्य जाहीर केलं. दक्षिणेत जपान्यांची शस्त्रं उतरवायला आली ती ब्रिटिशांची विसावी इंडियन डिव्हिजन. म्हणजे सायगावचे रस्ते ताब्यात घेऊन ते फ्रेंचांना परत देण्याच्या कामी आपले शिपाई वापरले गेले. नेहरू आणि काँग्रेसनं त्यावर उघड संताप व्यक्त केला होता, तो उगाच नव्हे.

फ्रान्सनं 6 मार्च 1946 ला हो चि मिन्हशी करार केला. त्यात व्हिएतनामला 'स्वतंत्र राज्य' नाही, 'मुक्त राज्य' म्हटलं. तिन्ही तुकडे एक करायचे की नाही, हे सार्वमतानं ठरेल असं कबूल केलं. सायगावातल्या मळेवाल्यांना आणि तिथल्या फ्रेंच अधिकाऱ्यांना सार्वमताचा निकाल काय लागेल हे ठाऊक होतं. तिथला उच्चायुक्त ॲडमिरल द'आर्जाँल्यो हा अजब माणूस होता, नौसेनेत परतण्याआधी कार्मेलाइट मठात संन्यासी होता. हो चि मिन्ह वाटाघाटींसाठी फ्रान्सला निघाला 31 मे 1946 ला. दुसऱ्या दिवशी, 1 जूनला, ॲडमिरलनं सायगावात 'कोचिनचीनचं स्वायत्त प्रजासत्ताक' जाहीर करून टाकलं. पाहुणा दाराबाहेर पडला आणि मागे घराची वाटणी झाली.

या प्रजासत्ताकाचा अध्यक्ष होता डॉक्टर न्गुयेन वान थिन्ह. उपप्रमुख आणि लष्करी खात्याचा धनी, कर्नल शुआन.

थिन्हबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय शुआन कळत नाही. हा सभ्य, सुशिक्षित, मवाळ माणूस. दक्षिणेला स्वायत्तता मिळाली तर हळूहळू काही चांगलं करता येईल, असं त्याला मनापासून वाटत होतं. पण त्याच्याकडे खजिना नव्हता, पोलीस नव्हते, कुठल्या कागदाला किंमतही नव्हती. फ्रेंच विचारत नव्हते आणि स्वतःची माणसं थुंकत होती. 10 नोव्हेंबर 1946 ला त्यानं गळफास लावून घेतला. सव्वा महिन्यात, 19 डिसेंबरला, हानोईत फ्रेंच आणि हो चि मिन्हच्या फौजांत युद्ध पेटलं.

थिन्ह गेल्यावर आणखी एक डॉक्टर, ले वान होआक, अध्यक्ष झाला. ऑक्टोबर 1947 मध्ये तो पायउतार झाला आणि शुआन आला. तोवर तो जनरल झाला होता. आणि आल्याबरोबर त्यानं केलं काय, तर आपल्या सरकारच्या नावातून 'कोचिनचीन' काढलं आणि 'दक्षिण व्हिएतनामचं हंगामी सरकार' असं नाव घेतलं. पाटी बदलली एवढंच, असं कुणी म्हणेल. पण सायगावातल्या गोऱ्यांच्या वर्तुळात या पाटीनं खळबळ उडाली. दक्षिण व्हिएतनाम म्हटलं की बाकीचा व्हिएतनाम आपोआप मान्य झाला. ज्या राज्याचा जन्म दक्षिण वेगळी ठेवण्यासाठी, त्याचाच अध्यक्ष म्हणतोय की आम्ही एका मोठ्या देशाचा भाग आहोत.

'बाहुलं' हा शब्द मला इथे अपुरा पडतो. बाहुलं दोरीच्या उलट हलत नाही.

मात्र त्याला एकदम देशभक्त ठरवायचीही घाई नको. माझं मत असं की शुआनला वारा कळत होता. 1947 च्या उन्हाळ्यापर्यंत वेगळ्या कोचिनचीनवर विश्वास ठेवणारा व्हिएतनामी सायगावात शोधून सापडला नसता. नोकरीतले लोकसुद्धा दबक्या आवाजात हेच बोलायचे. एका प्रांताचा अध्यक्ष राहण्यापेक्षा अख्ख्या देशाच्या हंगामी सरकारचा प्रमुख होणं केव्हाही मोठं. त्याची महत्त्वाकांक्षा आणि देशाची एकता काही काळ एकाच दिशेला चालली. राजकारणात असं होतं, आणि तेवढ्यापुरतं तरी त्याचं श्रेय नाकारू नये.

त्याच सुमारास पॅरिसची पंचाईत झाली होती. द'आर्जाँल्योच्या जागी एमिल बोलार आला होता. त्याला युद्ध थांबवायचं होतं. त्याचा बेत होता की 15 ऑगस्ट 1947 ला, म्हणजे भारत स्वतंत्र होईल त्याच दिवशी, व्हिएतनामपुढे शस्त्रसंधी आणि स्वातंत्र्याचा प्रस्ताव ठेवायचा. सेनापती व्हालुई थेट पॅरिसला विमानानं गेला आणि त्यानं तो हाणून पाडला. भाषण पुढे ढकललं गेलं. 10 सप्टेंबरला हादोंगमध्ये ते झालं तेव्हा त्यात 'स्वातंत्र्य' हा शब्दच उरला नव्हता. फ्रेंच संघाच्या, म्हणजे फ्रान्स आणि त्याच्या वसाहतींच्या, चौकटीत 'मोकळीक', एवढंच. आपण लाल किल्ल्याच्या आठवणी काढतो त्या महिन्यात एक शब्द खोडायला माणूस विमानानं पॅरिसला गेला होता, हे मला वर्गात सांगावंसं वाटतं.

हो चि मिन्हशी बोलायचं नाही असं ठरल्यावर फ्रेंचांना कुणीतरी हवा होता. गादी सोडलेला बाओ दाई 1946 पासून हाँगकाँगमध्ये राहत होता. त्याला लोक चैनी म्हणून ओळखतात आणि ते खोटं नाही. पण वाटाघाटीत तो तितका कच्चा नव्हता. त्याच्या मागण्या दोनच: स्वातंत्र्य आणि तिन्ही भागांची एकता. 7 डिसेंबर 1947 ला त्यानं हालाँगच्या उपसागरात एका मसुद्यावर सही केली आणि लगेच पस्तावला, कारण त्यात दोन्हींपैकी काहीच धड नव्हतं. यापुढे स्वतःच्या हातानं सही करायची नाही, हे त्यानं तेव्हाच ठरवलं असावं. हिंदीत म्हणतात तसं, साँप भी मरे और लाठी भी न टूटे. आधी दुसऱ्या कुणाचं तरी सरकार बनवायचं. त्यानं फ्रान्सशी करार करायचा. तो टिकला तर बादशहा येऊन बसेल. फसला तर बोल त्या दुसऱ्याला.

तो दुसरा म्हणजे शुआन. मे 1948 मध्ये सायगावात जमवलेल्या एका सभेनं त्याला निवडलं आणि 27 मे 1948 ला तो 'व्हिएतनामच्या हंगामी केंद्र सरकारचा' प्रमुख झाला. सार्वत्रिक निवडणूक वगैरे काही नाही. तिन्ही भागांतले वजनदार लोक गोळा केले आणि ठराव केला.

5 जून 1948. पुन्हा हालाँगचा उपसागर, समुद्रातून उगवलेले चुनखडीचे शेकडो सुळके, आणि त्यांच्यात नांगरलेली 'द्युगे-त्रुआँ' ही फ्रेंच युद्धनौका. देशाच्या स्वातंत्र्याचा कागद परक्यांच्या युद्धनौकेवर का व्हावा, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. माझं उत्तर ठरलेलं: त्या दिवशी या सरकारला हक्काची म्हणता येईल अशी वीतभर जमीन तरी होती का? फ्रान्सच्या वतीनं बोलारनं सही केली, व्हिएतनामच्या वतीनं शुआननं. बाओ दाई शेजारी उभा राहिला, साक्षीदाराच्या नात्यानं सही केली, आणि समारंभ आटोपताच युरोपकडे निघून गेला.

कागदावर मात्र जे होतं ते लहान नव्हतं. फ्रान्स व्हिएतनामचं स्वातंत्र्य 'गांभीर्यपूर्वक' मान्य करतो आणि आपली एकता साधण्याची मोकळीक व्हिएतनामला आहे, असं त्यात लिहिलं होतं. हो चि मिन्हला 1946 मध्ये जो शब्द मिळाला नव्हता, तो या कागदावर आला. बदल्यात व्हिएतनामनं फ्रेंच संघात राहायचं, फ्रेंचांचे हक्क आणि हितसंबंध जपायचे, सल्लागार आणि तंत्रज्ञ लागले तर आधी फ्रेंचांना विचारायचं. सैन्य, परराष्ट्र, पैसा यांची कलमं नंतर बघू.

'नंतर बघू' हे वसाहतीच्या राजकारणातलं सगळ्यात महाग वाक्य आहे. सही वाळते न वाळते तोच फ्रान्सचा सागरपार खात्याचा मंत्री पोल कोस्त-फ्लोरे यानं पॅरिसच्या संसदेत खुलासा केला की या करारामुळे कोचिनचीनचा दर्जा आपोआप बदलत नाही, ती गोष्ट संसदेच्या हातात आहे. म्हणजे केंद्र सरकारचा प्रमुख शुआन ज्या शहरात बसला होता, ते शहर कायद्यानं त्याच्या देशातच नव्हतं! सायगाव फ्रेंच वसाहत, आणि तिथे बसून तो व्हिएतनामचा कारभार चालवणार. शिवाय दक्षिणेचं वेगळं सरकार त्रान वान हुउच्या हाताखाली चालूच होतं. बाओ दाई युरोपातून परत यायला तयार नाही, आणि हो चि मिन्हचं जंगलातलं सरकार शुआनला रोज गद्दार म्हणतंय. असं वर्षभर चाललं.

या वर्षात त्याच्याकडे काय होतं, याचा हिशेब मी विद्यार्थ्यांना मुद्दाम करायला लावतो. त्या काळच्या सायगावात पाहा. ताय निन्हच्या काओ दाई पंथाकडे स्वतःची फौज. होआ हाओ पंथाकडे स्वतःची. बिन्ह शुएन ही तर नदीत चाचेगिरी करणाऱ्यांची टोळी, तिचा म्होरक्या बाय वियेन. तोही 1948 च्या मध्याला फ्रेंचांकडे आला, त्याला कर्नल केलं, पुढे बाओ दाईनं जनरलही केलं. सायगावला लागून असलेल्या चोलाँमधला 'ग्राँ माँद' हा प्रचंड जुगारअड्डा त्याच्या हाती आला, म्हणजे रोजची रोकड. चाच्याकडे माणसं, बंदुका, पैसा. पॉलितेक्निकमध्ये शिकलेल्या, आयुष्य सैन्यात घालवलेल्या पंतप्रधानाकडे यातलं काहीच नाही. एक पलटणसुद्धा नाही. त्याचा सगळा जोर फ्रेंचांना आपली गरज आहे यावर. ती गरज बाओ दाई परतताच संपणार, हे त्यालाही कळत असणार.

तसंच झालं. 8 मार्च 1949 ला पॅरिसच्या एलिझे राजवाड्यात बाओ दाई आणि राष्ट्राध्यक्ष व्हँसाँ ओरिओल यांच्यात पत्रांची देवाणघेवाण झाली. शुआनच्या कागदावर जे मोघम होतं, ते इथे थोडं स्पष्ट झालं. बाओ दाईनं अट घातली होती की कोचिनचीन आल्याशिवाय मी सायगावात पाय ठेवणार नाही. म्हणून सायगावात खास एक प्रांतिक सभा बनवली. तिनं 23 एप्रिलला व्हिएतनाममध्ये सामील होण्याचा ठराव केला आणि 4 जून 1949 ला फ्रेंच संसदेच्या कायद्यानं तो पक्का झाला. 1862 पासून खालसा असलेला मुलूख सुटला, आणि तोही बंदुकीशिवाय. त्याचं श्रेय शुआनचं किती? थोडं. हो चि मिन्हच्या गनिमांनी फ्रान्सला घाम फोडला नसता तर पॅरिसनं कुठल्याच शुआनशी बोलणी केली नसती. हे त्याच्या वकिलीला बसणाऱ्यांनी विसरू नये. जंगलात मरणाऱ्यांच्या दबावावर या मंडळींना टेबलाशी जागा मिळाली.

जुलै 1949 मध्ये नवं 'व्हिएतनाम राज्य' सुरू झालं, बाओ दाई प्रमुख, शुआन उपपंतप्रधान आणि संरक्षणमंत्री. ज्याचं सैन्य अजून कागदावरच होतं, अशा देशाचा संरक्षणमंत्री! सहा महिन्यांत, जानेवारी 1950 मध्ये, मंत्रिमंडळ बदललं आणि तो बाहेर पडला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला चीन आणि रशियानं हो चि मिन्हला मान्यता दिली, अमेरिका-ब्रिटननं बाओ दाईला. भारतानं दोघांनाही दिली नाही. वसाहतीचा प्रश्न शीतयुद्धात गेला आणि शुआनसारख्या मधल्या माणसांना त्यात जागाच उरली नाही. 1954 च्या शरदात पंतप्रधान न्गो दिन्ह ज्येमला घालवण्याच्या खटपटींत त्याचं नाव पुन्हा ऐकू येतं. पण ज्येम सगळ्यांना पुरून उरला. ऑक्टोबर 1955 मध्ये त्यानं सार्वमताचा फार्स करून बाओ दाईलाच घालवलं. शुआन फ्रान्सला गेला तो तिकडचाच झाला. 1989 मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, तो वारला. फ्रेंच गेले, अमेरिकन आले आणि गेले, सायगावचं नाव बदललं, हे सगळं त्यानं लांबून पाहिलं असणार.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. ज्यापचं नाव का झालं? दोन तारखा शेजारी ठेवून पाहा. 27 मे 1948 ला शुआन सायगावात सरकारचा प्रमुख झाला. 28 मे 1948 ला उत्तरेच्या जंगलात, वियेत बाकमध्ये, हो चि मिन्हनं ज्यापला जनरलचा हुद्दा अधिकृतपणे दिला. एका दिवसाचं अंतर. ज्याप हा हानोईतल्या खाजगी शाळेतला इतिहासाचा मास्तर (माझ्या पेशातला, म्हणून मला थोडा जास्त जवळचा, हे मान्य करतो). त्यानं कुठल्याही सैनिकी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. त्याची बायको फ्रेंचांच्या तुरुंगात मेली होती. 22 डिसेंबर 1944 ला त्यानं 34 जणांची तुकडी उभी केली होती. त्यातून फौज वाढत गेली, आणि 7 मे 1954 ला दियेन बियेन फूला फ्रेंच छावणी पडली. पॉलितेक्निकवाल्या तोफखान्याच्या अधिकाऱ्याला एकही तोफ मिळाली नाही, आणि इतिहासाच्या मास्तरानं तोफा डोंगरावर ओढून नेऊन फ्रेंच तोफखाना गप्प केला. ज्यापला हुद्दा फौजेनंतर मिळाला, शुआनला फौजेशिवाय.

मग देशद्रोही? हा शब्द वापरायचा तर कुठला देश, हे आधी ठरवावं लागतं. शुआन जन्मला तेव्हा कोचिनचीन कायद्यानं फ्रान्सचं होतं. तो फ्रेंच नागरिक होता, फ्रान्सच्या सैन्यात होता. फ्रेंचांशी त्यानं कधी दगा केला नाही. व्हिएतनामशी दगा केला असं म्हणायला आधी तो व्हिएतनामचा झाला कधी, हे शोधावं लागेल, आणि माझ्या मते त्याचं उत्तर 1947 च्या शेवटाला कुठेतरी आहे, म्हणजे पंचावन्न वर्षांचा झाल्यावर. त्याआधीचं एक वर्ष, थिन्हच्या सरकारातलं, मी त्याला माफ करणार नाही. दक्षिण तोडण्याच्या उद्योगात तो डोळे उघडे ठेवून सामील झाला होता. थिन्हनं त्याची किंमत जिवानं दिली, यानं दिली नाही. नंतरच्या दोन वर्षांत त्यानं तीच गोष्ट निस्तरण्याला हात लावला. दोन्ही एकाच माणसाच्या खात्यावर आहेत आणि बेरीज करून एक आकडा काढता येत नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. 2 जून 1948 ला, हालाँगच्या सहीच्या तीन दिवस आधी, शुआननं हंगामी सरकारचा प्रमुख म्हणून एका फर्मानावर सही केली आणि राष्ट्रध्वज ठरवला: पिवळ्या रंगावर तीन आडवे लाल पट्टे. बाओ दाईच्या राज्यानं तोच ठेवला, ज्येमनंही तोच ठेवला, 30 एप्रिल 1975 पर्यंत सायगाववर तोच होता. आज व्हिएतनाममध्ये त्याला बंदी आहे आणि कॅलिफोर्नियातल्या वेस्टमिन्स्टरमध्ये व्हिएतनामी वस्तीत तो दुकानादुकानावर लावलेला असतो. राष्ट्रगीतही त्याच सरकारच्या काळात ठरलं. त्याची चाल बांधणारा लुउ हुउ फुओक मात्र तेव्हा हो चि मिन्हच्या बाजूला होता, आणि पुढे दक्षिणेतल्या कम्युनिस्ट मुक्ती आघाडीचं गीतही त्यानंच बांधलं.